घुबडापुढे घेतलेली नावं

कतारमध्ये गवत गुंडाळी करून विकलं जातं, सतरंजीसारखं. मला यात नवल वाटायचं कारण नाही, कारण ते पिकवणं हेच माझं काम होतं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. दोह्यात जिकडे बघावं तिकडे क्रेन, खणून ठेवलेले रस्ते आणि रोज बदलणारे डायव्हर्जन. नवरा ड्रेनेजच्या प्रोजेक्टवर होता. सकाळी ज्या रस्त्याने गेला तो रस्ता संध्याकाळी जागेवर असेल याची त्याला खात्री नसायची, आणि तसले रस्ते खणणाऱ्यांत तो स्वतःच होता. मी मात्र शेतकी कॉलेजची पदवी घेऊन वाळवंटात हिरवळ वाढवते आहे, हे पुण्यातल्या मैत्रिणींना सांगितलं की त्या खो खो हसायच्या. हसेनात का. बावीस माणसं ज्याच्यावर धावणार ते गवत काही आभाळातून पडत नाही.

आमची गवताची शेती शहराबाहेर होती. शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर वाढलेलं ते सपाट हिरवं रान, वर गोल गोल फिरणारे फवारे, आणि पाण्याला येणारा एक हलका वास, ज्याची आठवड्याभरात सवय होते. हिवाळा आला की उन्हाळी गवत मरगळतं, मग त्याच्यावर थंडीतल्या गवताचं बी पेरायचं आणि रान पुन्हा हिरवं करायचं. कुंपणापलीकडे शेजाऱ्याचं चाऱ्याचं गवत होतं, उंट-शेळ्यांसाठी, गुडघ्याइतकं वाढलेलं. त्याच्याही पलीकडे मग खडी आणि वाळू, नजर पोचेल तिथवर.

त्या हिवाळ्यात सासरे आमच्याकडे राहायला आले होते. सासूबाई पावसाळ्यात गेल्या आणि गावाकडच्या घरात ते एकटे राहिले, म्हणून नवऱ्याने हट्टाने आणलं. ते एसटीत कंट्रोलर होते, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या स्टँडवर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगणं हे त्यांचं काम, आणि माइक बंद पडला तरी कुणाचं अडत नसे, असा आवाज. आमच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी ‘पुढच्यांनी बसून घ्या’ म्हटलं, तर मागचेही बसले होते.

तो माणूस दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या घरात येऊन गप्प झाला. विचारलं तर हो-नाही एवढंच बोलायचे. बाहेर पडावं तर चालत जाण्यासारखं काही नाही, गाडीशिवाय या भागात पान हलत नाही. जेवायला बसले की अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणून सांगितलं. पण सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल होत चालली होती, ते मला रोज दिसत होतं. मला धास्ती एकाच गोष्टीची होती: हा माणूस आमच्या गेस्ट रूमच्या पलंगावर, कुणालाही त्रास न देता, एक दिवस गुपचूप निघून जाईल. आणि त्यांची तयारी त्याचीच चालली आहे असं मला वाटत होतं. नवऱ्याशी बोलले, तर तो म्हणाला, “जरा प्रेशर कमी होऊ दे, नेक्स्ट वीक सुट्टी घेतो, इन्शाल्ला.” असे नेक्स्ट वीक मी पुष्कळ पाहिले होते.

मग मीच त्यांना दुपारी सोबत न्यायला लागले. घरात भिंतीकडे बघण्यापेक्षा गवताकडे बघितलेलं बरं, एवढाच विचार. मी व्हॉल्व्ह तपासत, माणसांना कामं लावत फिरायची आणि ते कुंपणाजवळ फोल्डिंगच्या खुर्चीत, डोक्याला मफलर गुंडाळून बसायचे. गेटवरचा वॉचमन नेपाळी होता, तो त्यांना “यल्ला बाबा, चाय?” विचारायचा; यल्ला म्हणजे चला, तेवढं अरबी इथे सगळ्यांनाच येतं. ते मान हलवायचे. ती होकाराची की नकाराची, हे कळायच्या आत वॉचमन चहा आणून द्यायचा.

घुबड मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते ढेकूळ वाटलं. चाऱ्याच्या गवताच्या कडेला एक फिकट, मातकट गोळा. तिथे ढेकूळ असायचं कारण नव्हतं, म्हणून मी पुन्हा पाहिलं, आणि ढेकळाने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. पिवळे डोळे, आणि भोवती काजळ इतकं फासलेलं, की बाळाला दृष्ट लागू नये म्हणून कुणी आईने हात सैल सोडला असावा. मी जागच्या जागी उभी राहिले. आयुष्यात घुबड म्हणजे मी ऐकलेलं जास्त, पाहिलेलं जवळजवळ नाहीच. आणि हे तर भर दुपारी, उघड्या रानात, जमिनीवर बसलेलं.

हळूच मागे वळून सासऱ्यांकडे पाहिलं. ते आधीपासूनच त्याच्याकडे बघत होते.

“बाबा, हे कधीपासून आहे इथे?”

“दोन-चार दिस झाले,” ते म्हणाले.

“मग सांगितलं का नाही?”

“तू विचारलं न्हाई.”

त्या दिवसापासून मला एक नाद लागला. कामं भराभर उरकायची आणि ऊन कलायला लागलं की खुर्चीशेजारी उकिडवं बसायचं. चारच्या पुढे ते उठायचं. उठायचं म्हणजे काय, गवतातून नुसतं वर यायचं, जणू कुणी खालून उचलून दिलं. लांब पंख सावकाश हलवत, गवतावरून हातभर उंचीवर, वळणं घेत शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. आवाज म्हणून नाही. पारवा उडाला तरी फडफड ऐकू येते, आणि हा एवढा मोठा पक्षी आमच्या डोक्यावरून गेला तर फक्त सावली गेलेली कळायची. मध्येच हवेत थबकायचं, पाय खाली सोडायचं आणि गवतात कोसळायचं. दर वेळी उंदीर मिळायचाच असं नाही. हुकलं की तिथेच जरा वेळ बसून राहायचं, एसटी चुकलेल्या माणसासारखं.

शनिवारी शाळेला सुट्टी आणि मला काम, म्हणून मुलगीही बरोबर यायची. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिने घुबड पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, “इट्स अ स्नोई आऊल.”

“अगं, बर्फातलं घुबड इथे कशाला येईल?”

“बट इट्स सो व्हाइट.”

पांढरं ते नव्हतंच. पोटाकडे फिकट, पाठीवर वाळक्या गवताचे पट्टे, पण उतरत्या उन्हात उडताना खालून पंख पांढरे दिसायचे हे खरं. मी घरी येऊन शोधाशोध केली. हे आखूड कानांचं घुबड. उत्तरेकडच्या थंडीला कंटाळून हिवाळ्यात खाली उतरतं, झाडांवर नाही तर उघड्या माळावर राहतं. आपल्याकडे दख्खनच्या माळांवरही येतं. कान म्हणून डोक्यावर जे दोन तुरे दिसतात ते कान नव्हेतच, नुसती पिसं. खरे कान चेहऱ्याच्या पिसांखाली, आणि तेही एक वर, एक खाली, म्हणजे आवाज कुठून आला हे नेमकं कळावं. मला हे इतकं आवडलं की मी रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं. मुलीला मात्र ते पटलं नाही. वाळवंटात बर्फातलं घुबड आलं आहे, ही तिची कल्पना माझ्या माहितीपेक्षा चांगली होती, आणि तिने ती सोडली नाही.

आम्ही त्याच्या ओकाऱ्याही गोळा केल्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि जे पचत नाही त्याची गोळी करून बाहेर टाकतं. दिसायला राखाडी, अंगठ्याएवढी. मी काडीने एक फोडली. आत केसांचा बोळा, त्यात कवटी, तीत अजून जागेवर असलेले दोन पिवळे दात. सासऱ्यांनी ती कवटी तळहातावर घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिली. “डबा खाऊन धुऊन ठेवल्यासारखं केलंय की,” ते म्हणाले. दोह्यात आल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेलं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आणि मग ते नावाचं प्रकरण झालं. मुलगी कुंपणाच्या फारच जवळ गेली म्हणून मी तिला हाक मारली, नाव घेऊन. सासरे खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली.

“नाव घेऊ नको.”

“का?”

“त्याच्यापुढं कुणाचं नाव घ्यायचं नसतं. त्यानं नाव ऐकलं की ते नाव धरून बसतं. त्या माणसाला घेऊन जातं.”

माझ्या माहेरी असलं काही कुणी मानत नव्हतं. घुबडाला दगड मारला तर ते दगड घासत बसतं आणि माणूस झिजतो, असंही कुठेतरी ऐकलेलं होतं. पण नावाचं हे मला नवीन. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून हसले नाही. शिवाय मला कुतूहलच वाटलं. ज्या पक्ष्याचे कान देवाने इतके मन लावून बनवलेत, तो ऐकतो या गोष्टीवरूनच लोकांनी गोष्ट रचावी, हे किती बरोबर आहे. मी नंतर एकदा करून पाहिलं. शेताच्या मध्यावर उभं राहून पेनचं बटण दाबलं. टक. पलीकडे गवतात बसलेल्या घुबडाची मान माझ्याकडे वळली.

मुलीला हा नियम भलताच आवडला. रानात नावं बंद, मग हाक कशी मारायची? तिने सगळ्यांना जर्सीचे नंबर वाटले. शहरभर तेव्हा फुटबॉलशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. स्वतः ती अर्थातच दहा नंबर. आजोबा गोलकीपर, कारण ते हलत नाहीत. मला डिफेन्स दिला. “यू शाउट अ लॉट,” हे कारण.

हिवाळा असा सरला. सासरे आता घुबड किती वाजता उठलं, कुठे बसलं, हे मी विचारल्यावर सांगायचे. मला वाटलं, येताहेत हळूहळू माणसांत. पण घरी आलं की पुन्हा तेच, अर्धी भाकरी आणि गेस्ट रूमचं दार.

फेब्रुवारी उतरणीला लागला होता. दुपारी वारा गरम यायला लागला, आणि मला माहीत होतं की घुबड आता जाईल. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. आमच्याकडे गवताची काढणी चालू होती. मशीन हिरवळ सोलून काढत होतं, माणसं गुंडाळ्या गार ट्रकमध्ये चढवत होती. मला तिथे थांबावं लागलं. मोकळी होऊन कुंपणापाशी गेले तर घुबड खांबावर बसलेलं, आजवर कधी नव्हतं इतकं जवळ, आणि सासरे त्याच्याशी बोलत होते. मला पाहूनही थांबले नाहीत.

“मी तिचं नाव कधी घेतलंच न्हाई,” ते म्हणाले. मला सांगत होते की त्याला, कळलं नाही. “आमच्या वेळी रीतच न्हवती. अगं म्हणायचो. ऐकलं का म्हणायचो. दवाखान्यात त्यांनी विचारलं, पेशंटचं नाव, तेव्हा पण तुझ्या नवऱ्यानं सांगितलं. घरात न्हाई, रानात न्हाई, घुबडापुढं तर न्हाईच. एवढं जपलं. तरी गेली.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले. पण ते उठले, कुंपणाची तार धरली आणि स्वतःचं नाव घेतलं.

पुटपुटले नाहीत. स्टँडवरच्या आवाजात घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग गाव, तालुका, जिल्हा. आणि मग, घुबडाची चुकामूक होऊ नये म्हणून, “हल्ली मुक्काम अबू हमूर.” ट्रकपाशी काम करणारी माणसं थांबून आमच्याकडे बघायला लागली.

घुबडाने मान वळवली, दोन्ही डोळे आमच्यावर लावले, आणि नीट ऐकून घेतलं.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. असा राग की कानशिलं तापली. इतके महिने या माणसासाठी मी भाकऱ्या बदलून पाहिल्या होत्या, बाजरीच्या, ज्वारीच्या. अल मन्सूराच्या दुकानांतून मेथी धुंडाळून आणली होती. माझी मुलगी यांच्या पलंगाच्या कडेला बसून शाळेतल्या गोष्टी सांगायची. आणि हे इथे उभं राहून घुबडाला पत्ता देत होते.

“असं का?” मी म्हटलं. “मग एकटेच कशाला जाता?”

आणि मीही तार धरली. माझं नाव घेतलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. मग नवऱ्याचं. मग मुलीचं. मी असलं काही मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते; तरी मुलीचं नाव घेताना मी अडखळले, खोटं कशाला बोलू?

“अगं ए,” सासरे ओरडले. “पोरीचं नाव मागं घे.”

“तुम्ही तुमचं घ्या आधी.”

“मागं घेता येत न्हाई. एकदा त्यानं ऐकलं की ऐकलं.”

“मग झालं तर. खलास. सगळेच जाऊ.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की एरवी मी मान खाली घातली असती. मी तार सोडली नाही. घुबडाने एक डोळा मिटला, पायाने गाल खाजवला, आणि खांबावरून उतरून गवतावरून संथपणे निघून गेलं. ते पलीकडच्या खडीत दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो. रागातसुद्धा माझ्या मनात आलं की एवढ्या उन्हात ते आता बसेल कुठे.

परत येताना ते मागच्या सीटवर बसले. रोज पुढे बसायचे. सिग्नलला मी आरशातून पाहिलं तर बोटांवर काहीतरी हिशेब चालला होता. इंडस्ट्रियल एरियाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा एकदाचे बोलले.

“पहिलं नाव मी घेतलं,” ते म्हणाले. “तुझ्या आधी.”

“हो.”

“म्हणजे पहिला नंबर माझा.”

“असेल.”

“असेल न्हाई, हाये. पहिली गाडी फलाटावरनं हलल्याबिगर मागची सुटत न्हाई. मी हाये तवर पोरीकडं ते वळून बघायचं न्हाई.” पुढचे ट्रक हलले, मी गिअर टाकला. “पोर नऊ वर्षांची हाये,” ते खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणाले. “म्हणजे मला किती थांबावं लागंल?”

मला गाडी चालवायची होती आणि समोरचं नीट दिसत नव्हतं.

रात्री जेवायला नवराही वेळेवर आला होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. मान खाली घालून भाकरीचा एकेक घास मोडत होते, रागाने चावत होते. अर्धी झाली. ताट सरकेल म्हणून मी वाट पाहिली. उरलेली अर्धीही संपली. मुलगी टक लावून त्यांच्याकडे बघत होती.

“आजोबा, आर यू अँग्री?”

“व्हय,” ते म्हणाले, आणि ताट माझ्यापुढे केलं. “वाढ अजून.”